मर्झियाची जन्मतारीख

राई गाव, भाईंदर
१४ सप्टेंबर २०२५

चि. उदय यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. परवा देवळापाशी तुझी आई भेटली. केसरबाईंचा गुडघा कुरकुरतोय, जीभ मात्र ठणठणीत. "मास्तर, पोराला लिवा, महिना झाला फोन न्हाय. पुन्यात काय रेंज न्हाय?" लिहितो म्हणालो. खाडीच्या बाजूला आणखी एक टॉवर उठतोय. पूर्वी वर्गाच्या खिडकीतून मिठाच्या राशी दिसायच्या, आठवतं? तुम्ही चालीवर कविता म्हणायचात आणि माझी नजर त्या पांढऱ्या ढिगांवर.

मर्झियाबद्दल लिहायला बसलो आणि मिठाबद्दल लिहीत सुटलो.

मीरा रोडला हाटकेशच्या गाळ्यातला आमचा रविवारचा वर्ग तुला ठाऊक आहे. निर्वासितांच्या मुलांना हेमाली तिथे कोडिंग शिकवते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी त्यांचे नोकरीचे फॉर्म भरतो आणि चहा सांगतो. पण ती मुलं मला 'सर' म्हणतात. निवृत्तीला चौदा वर्षं झाल्यावर तो शब्द पुन्हा कानावर पडला, तेव्हा मी एक जिना न थांबता चढलो होतो.

मर्झिया काबूलची. आईबरोबर चार वर्षांपूर्वी आली. मी कविता म्हणू लागलो की ती हात थांबवून ऐकायची. "सर, ये भी कोड जैसा है. एक अक्षर गिरा, तो सब बंद." तुमच्या कंपनीच्या परीक्षेत ती आमच्या वर्गातल्या बारा जणांत पहिली आली. तूच फोनवर म्हणालास, "सर, ही पोरगी आमच्या पोरांना शिकवेल."

मग तो फॉर्म.

तिच्या ओळखपत्रावर जन्मतारीख होती एक जानेवारी. तिच्या देशातल्या कागदावर नुसतं वय होतं, म्हणून इथे कुणीतरी वर्षाचा पहिला दिवस टाकून दिला. तिची आई मात्र मला म्हणाली होती, ही झाली तेव्हा अंगणात जर्दाळू पिकले होते. बर्फात कुठले आलेत जर्दाळू? मला ते खोटं कागदावर बघवेना. तुम्हा मिठागरावरच्या मुलांना शाळेत घालताना तारीख कुणालाच सांगता यायची नाही, तेव्हा मी सगळ्यांना एक जून द्यायचो. तुझाही एक जून माझाच. चाळीस वर्षं कुणी हरकत घेतली नाही.

मी एक जून लिहिलं. चष्मा लावून, शुद्धीत लिहिलं. तिने विचारलं, "सर, कार्डवाली ही तारीख डाली ना?" मी म्हणालो, "हो गं." वर मनाशी म्हटलं, पोरीला तिचा उन्हाळा परत दिला.

जुलैत तुझा फोन आला. "सर, खरं सांगा, ही तारीख कुणी भरली? पडताळणीवाले खोटी माहिती म्हणतायत." मी म्हणालो, "तिनेच भरली असेल."

उदय, हे वाक्य लिहायला मला दोन महिने लागले.

पुढचं तुला माहीत नाही. वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या माणसांनी गाळ्यात सगळ्यांना बसवून विचारलं. मी खुर्चीत होतो. मर्झियाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मैंने भरी थी. गलती हो गई." हेमाली रडली. मी पाणी प्यायलो. वर्गातून तिचं नाव गेलं, नोकरी तर गेलीच होती. आता ती काशीमीऱ्याच्या एका गोदामात पार्सलांना टेप मारते, दहा-दहा तास उभी राहून.

गेल्या आठवड्यात तिथे गेलो. ट्रकांच्या धुरात गेटवर उभा राहिलो. ती आली, बोटांना पट्ट्या होत्या. मी म्हणालो, मी खरं लिहून देतो.

"मत लिखिए, सर. कंपनी बोलेगी, क्लासवाले ही झूठ लिखते हैं. फिर बाकी ग्यारह को कौन लेगा?"

"आणि तू?"

"मैं तो लिख ही दी गई हूँ." मग आतून हाक आली आणि ती पळाली.

परतताना रिक्षात मला हायसं वाटलं. तिनेच नको म्हटलं, सुटलो! हेही तुला कळायला हवं. हा तुझा सर असा.

येत्या २२ तारखेला, सोमवारी, एका दुसऱ्या कंपनीत तिची मुलाखत आहे. ते तुमच्याकडे चौकशी करणार आणि तुमच्याकडे तिच्या नावापुढे 'खोटी माहिती' असं आहे. हे पत्र तुझ्या साहेबांपुढे ठेव. वर्गाचा यात दोष नाही, हेही त्यांना सांग. आज सकाळी हेमालीला सगळं सांगून गाळ्याची किल्ली परत दिली. तिने दार लगेच लावून घेतलं.

तुमच्याकडची जागा भरली असेल, जाणतो. तू मला पुन्हा फोन करशील असंही धरून बसलेलो नाही. आईला मात्र कर.

मर्झियाच्या अर्जातली जन्मतारीख मी, माझ्या हाताने, तिला न सांगता बदलली. ती विचारत असताना खोटं बोललो आणि तू विचारलंस तेव्हाही. विचारायचं असेल ते यापुढे मला विचारावं.

शिवदास कोंडिराम भोईर
वय ७२, निवृत्त शिक्षक