ताट वाढलंय, खाली ये

सोमवार
गच्ची असून कपडे वाळत घालायला जागा नाही, हे कसलं घर! सगळी गच्ची अडवून नातीने लोखंडाची भली मोठी थाळी मांडलीय, आभाळाकडे तोंड करून. माझे ओले कपडे खिडकीच्या गजांना लोंबताहेत.

बाकी घर छान. आजच राहायला आले. खोलीत ऊन येतं, गादी मऊ आहे. नातजावई लिफ्ट दुरुस्त करतो. दोनदा वाढून घेतो, असा माणूस मला आवडतो. नात, ठमी, कानाला यंत्र लावून दुसऱ्या ग्रहावर कुणी आहे का ते ऐकत बसते. या ग्रहावर आजी हाका मारतेय ते ऐकू येत नाही. ही वही तिनेच दिली. लिहीत बस, म्हणे, तेवढीच आमच्या कानांना विश्रांती. कार्टी.

बुधवार
नुसतं ऐकून कंटाळली, म्हणून ठमीने आज वर निरोप पाठवला. आवाज कुणाचा? माझा! जिन्यात उभी राहून मी आल्यापासून तिच्या नावाने बोंबलते ना, ताट वाढलंय, खाली ये, तेच गुपचूप भरून घेतलं न् दिलं पाठवून. म्हणाली, आजी, तुझी हाक कुठंही पोचते. मी म्हटलं, अगं, मग स्वयंपाक किती जणांचा करू ते तरी सांग. नातजावयाला हसून ठसका लागला.

शुक्रवार
ओ आली. यंत्रातून माझाच आवाज, तेच शब्द. ठमी नाचली. मग बोटांवर हिशेब करू लागली. अगदी जवळच्या ताऱ्यावरून उत्तर यायलाही वर्षं लागतात म्हणे. मी शाळा फारशी पाहिली नाही, पण एवढं कळतं. इतक्या लवकर ओ देणारा लांब नसतो. तसं म्हटलं, तर म्हणाली, यंत्र बिघडलं असेल. माझ्याकडे न बघता.

रविवार
दुपारी कवळी वाटीत काढून मी भांडी पुसत होते. गच्चीवरून माझा आवाज आला. जावईबापू, ताट वाढलंय, वर या. खणखणीत. दातांसकट. तो आपला आलो आजी म्हणत जिना चढला. मी मागून ओरडले, पण बोळक्या तोंडातून नुसती हवा.

गच्चीवर त्याच्या चपला. रखरखीत ऊन. बाकी काही नाही.

मंगळवार
पोलीस म्हणतात, बायकोशी भांडून गेला असेल. ठमीने थाळी पाडली, तारा उपटल्या. हाका येतातच. गच्चीला कुलूप घातलंय. किल्ली माझ्या कमरेला.

बुधवार
आज त्याच्या आवाजात. ठमे, ये ना वर. ठमी दारावर डोकं आपटतेय. तोंड दाबून धरलं तर चावली मला —

गुरुवार
कुलूप हलतंय. पलीकडून. ठमीला न्हाणीघरात कोंडलंय, वही दाराखालून सरकवते. पोरी, वाच. माझा आवाज आला तरी ती मी नाही. त्याचा आला तरी तो, तो नाही. जेवायला मी बोलावलंय त्यांना. ओ मीच देणार. तू तोंड उघडायचं नाहीस. ओ द्यायची ती मीच. तू नाही. ठमे, तू ना —