बुधवारसाठी ठेवलेला मासा

रविवार, ९ नोव्हेंबर

शुक्रवारच्या नोंदीत चूक आहे. ‘वहिनीने जाळी काढली’ असं लिहिलंय. मी ते पाहिलेलं नाही. पाहिलं ते इतकंच, की टाकीत मासे आणि कासवं वेगळी ठेवणारी जाळी एका बाजूने सुटून कललेली, दोन्ही कासवं माशांच्या भागात, आणि वहिनी ओल्या हातांनी शेजारी उभी. हात कणीक मळतानाही ओले होतात.

दम्यामुळे तिसरीपर्यंत मी शाळेत गेले नाही. आप्पांनी घरीच शिकवलं. त्यांचा नियम असा, की पाहिलेलं आणि वाटलेलं एका ओळीत लिहायचं नाही. ओळीआधी पा. किंवा वा. घालायचं. चुकलं तर खोडायचं नाही, पुढे दुरुस्त करायचं. म्हणून हे. पण शुक्रवारी मी ते दादालाही सांगून बसले. ते कुठं दुरुस्त करू?

पा. – काळा मासा गेला. दगडाखाली शेपटीचा तुकडा.
पा. – आईने टाकीला हात जोडले. ‘गेलं गं बाई. आप्पांवरचं घिऊन गेला.’

आप्पांच्या मानेतली गाठ काढून तपासायला पाठवलीय. रिपोर्ट बुधवारी, १९ ला. तोवर तो शब्द घरात कुणी काढत नाही. ऑपरेशननंतर ताप उतरला त्या दिवशी एक मासा मेला. टाके काढले त्या दिवशी दुसरा. आईचा हिशोब पक्का झालाय, घरावरचं माशावर जातं. शेजारच्या नरसक्काही येऊन बघून गेल्या. ‘आमच्या यजमानांच्या गुडघ्याला पण एक मासा लावा की!’ आई हसली नाही.

वा. – वहिनीला टाकी घरात नकोच आहे.

सोमवार, १०

जाळी पुन्हा बांधली. सूत आप्पांच्या जुन्या लडीतलं. ते टॉवेलच्या कारखान्यात होते तेव्हाची आहे. गाठ विणकराची घातली, त्यांनीच शिकवलेली. ओढली तरी सरकत नाही.

कॉलेजहून येताना दुकानात गेले. गेल्या वर्षी दिवाळीआधी दादाने तिथूनच सगळं आणलं, उत्तरेला पाणी आणि पाण्यात कासव असावं असं कुणीतरी सांगितलं म्हणून. तेव्हा कासवं रुपयाएवढी होती, आता बशीएवढी आहेत. दुकानदार म्हणाला, ‘कुछ नै करता बाई, गरीब जनावर है. पाला डालो, चुप बैठता.’ मी विचारलं, मग मासे? तो दुसऱ्या गिऱ्हाईकाला पिशवीत पाणी भरून द्यायला लागला. विकतानाच माहीत होतं त्याला. (वा.)

घरी वहिनीला सरळ विचारायचं ठरवलं होतं. जमलं नाही. कासवांनाच शिव्या दिल्या, तिला ऐकू जाईल अशा. ती अक्कलकोटकडची, कासवाला कानडीत आमे म्हणते. कांदा चिरत बोलली,
‘आमेला शिव्या देता ताई. त्याला खायला कोण द्यालंय ते बगा की आधी.’
‘तूच देतेस ना?’
‘दिवाळीपर्यंत देत होते. मग आई म्हणल्या, तू सोड, मी बगते.’

पा. – कासवांच्या खाण्याचा डबा. दादाने दिवाळीत आणलेला. वरचं चंदेरी पन्नीचं झाकण फोडलेलंसुद्धा नाही.

बुधवार, १२

सकाळी जाळी जागेवर होती, तरी शेंदरी माशांतल्या एकाचा कल्ला फाटलेला. खालचा कोपरा हाताला सैल लागला. सुताची गाठ पाहिली. विणकराचीच, पण माझी नाही. माझी जाड होते, टोकं लांब राहतात. ही बारीक, आणि टोक दाताने अगदी मुळाशी तोडलेलं.

वहिनीला ही गाठ येत नाही. ती साध्या दोन गाठी मारते आणि कात्री शोधत बसते. दादा चिंचोळीच्या कारखान्यात रात्रपाळीला, शिवाय त्याने सूत कधी हातात धरलं नाही. आई लग्नाआधीपासून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सूत दाताने तोडायची तिची सवय अजून आहे. फुलपुडीचा दोरासुद्धा तसाच तोडते.

नाव लिहीत नाही. पाहिलेलं नाही.

आप्पांची खाट टाकीसमोरच आहे. दिवसभर ते तिथेच असतात. विचारलं, ‘आप्पा, टाकीपाशी कोण येतं?’
‘मी डोळे मिटून असतो गं.’
एवढंच. मी पेनाचं टोपण लावत होते तेव्हा ते माझ्या हाताकडे बघत होते. डोळे मिटलेले नव्हते.

ज्यांनी मला पा. आणि वा. शिकवलं, त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे...

गुरुवार, १३

आई आणि वहिनी एसटीने अक्कलकोटला गेल्या, स्वामींच्या मठात. घरी मी आणि आप्पा.

डब्याचं झाकण फोडलं. दाणे पाण्यात पडायच्या आधीच दोन्ही कासवं माना ताणून वर आली. मोठ्या कासवाने दाण्याबरोबर माझं बोटही धरलं. रक्त आलं, थोडंच. त्यांचे पाय केवढे बारीक झालेत. आजवर मी फक्त मासे मोजत होते.

आप्पांकडे न बघता म्हटलं, ‘उपाशी होती.’
ते म्हणाले, ‘व्हय.’
‘तुम्ही बघत होता.’
‘बघत होतो. तिला बोलू नको. तिला काहीतरी करायला पाहिजे ना रुपे. नुसतं बसून राहणं तिला येत नाही.’
‘पण आप्पा, हे...’
‘बुधवारपर्यंत राहू दे.’ मग भिंतीकडे वळून, ‘मासा गेला की मला पण बरं वाटतंय. का ते विचारू नको.’

बोटाला हळद लावली. आईला सांगितलं, विळी लागली.

शनिवार, १५

सकाळी दादा पाळीवरून आला आणि वहिनीवर ओरडला. ‘घरात दिवसभर असतीस, एक जाळी सांभाळता येईना तुला?’ सगळं माझ्या शुक्रवारच्या एका वाक्यावरून. वहिनी ताट वाढत राहिली. मी मध्ये पडले, ‘वहिनी नव्हती रे. माझी चूक झाली सांगताना.’
‘मग कोण?’
‘माहीत नाही.’
हे खोटं. इथं लिहून ठेवते.

नंतर गच्चीवर कपडे वाळत घालताना वहिनीला म्हटलं, चुकले. तिने चिमटा तोंडातून काढला. ‘असू द्या ताई. मला दिवाळीपासनं म्हाईत हाय. पण सुनेनं चोर दावला तर सूनच चोर.’
‘मग मला तरी सांगायचंस.’
‘तुमी इचारलं कुटं? तुमी नुसतं बगत होता माझ्याकडं.’

खरं आहे. पा.

रविवार, १६

आज पाहिलं. दुपारच्या चहाच्या वेळी, लख्ख उजेडात. आईने पदर खोचला, कोपऱ्याची गाठ नखाने सोडली, जाळी बाजूला सारून बघितली, परत बांधली, सूत दाताने तोडलं. वळली तर दारात मी. घाबरली नाही.

‘बघालीस काय? अंदाज घेतला नुसता. आता एकच मोठा धड ऱ्हायलाय. शेंदरी. त्यो बुधवारसाठी ठेवलाय.’
‘आई, कासव भुकेनं खातंय. त्याला दुसरं काही मिळत नाही म्हणून.’
‘मग? देव बी कुणाच्या तरी हातनंच करतो की.’
‘आणि रिपोर्ट वाईट आला तर?’

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला टाकीचा शेवाळी वास. हात काढला तेव्हा एवढंच म्हणाली, ‘तुला बाप नको का रुपे?’ आणि कप उचलून आत गेली.

तिच्यावर रागवायचं ठरवून इथं बसले. येत नाही राग. नुसती भीती वाटते, आणि ती रिपोर्टची की आईची ते कळत नाही.

रिपोर्टात जे असेल ते आत्ताच ठरलेलं आहे. गाठ त्यांच्या मानेत होती, टाकीत नाही. हे मला माहीत आहे. तरी संध्याकाळी कासवांना चोरून दाणे टाकताना वाटलं, आज यांचं पोट भरतंय ते आप्पांच्या ताटातलं काढून तर नाही? वा. लिहिलं. ते लिहूनही गेलं नाही.

कासवं बुधवारनंतर हलवता येतील. आप्पाही तेच म्हणतात. पण रिपोर्ट चांगला आला तर आईचं खरं ठरेल, आणि पुढचा मासा दादाच्या नोकरीसाठी जाईल. वाईट आला तर कासवाकडे बघायला कुणाला वेळ असेल? आणि बुधवारपर्यंत मी थांबले, तर मीही मानते असंच होईल.

आधी हलवली आणि मग वाईट आला, तर आई मला काही म्हणणार नाही. जन्मभर म्हणणार नाही. ते मला दिसतंय आत्ताच.

वहिनीला सांगितलं. गच्चीवरचा कपड्यांचा मोठा टब ती रिकामा करून देते म्हणाली, कासवांना बसायला दोन विटाही. तळ्यात नेऊन सोडा असं नरसक्का म्हणतात, पण या कासवांची जात परदेशी आहे, तळ्यातलं सगळं खाऊन टाकेल. तेव्हा गच्चीच. वहिनीने विचारलं, ‘आई भाजीला गेल्या की करायचं का?’

नाही. आई घरात असताना, आप्पांचे डोळे उघडे असताना.

हे पा. नाही आणि वा. पण नाही. मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी हलवायची.