नाथादादाची कंबर आणि माझी पाठदुखी

मी, उत्तम गणपत हेंद्रे, वय ६३, धंदा शिंपीकाम, राहणार जेसल पार्क, भाईंदर पूर्व, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. ती वेळेवर वापरली नाही, हा भाग वेगळा.

१. राहता फ्लॅट पत्नी वासंतीच्या नावे. सारखं लघवीला जावं लागतं म्हणून २००४ साली तिने मला मोफत तपासणी शिबिरात ओढत नेलं. डॉक्टर बोटाने तपासणार म्हटल्यावर मी उठलो. "मी शिंपी आहे, मापं घेतो, देत नाही!" हा विनोद मी तीन वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवला. तेवढ्यात आजार हाडांत उतरला.

२. केबिन रोडचं दुकान व दोन्ही मशिनी मुलगा स्वप्नील यास. मणक्यात गॅप आहे, असं मी त्याला सांगत आलो. ते खोटं. मला प्रोस्टेटचा कर्करोग आहे. ही ग्रंथी पुरुषाला मूत्राशयाखाली असते. मलाही आहे, हे साठीनंतर समजलं.

३. मोठी कात्री पुतण्या अभिनव यास. त्याच्या वडिलांवरचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावावरचा राग मात्र कुणालाही देत नाही, सोबत नेतो. नाथादादाची पँट मी एका वर्षात चारदा कंबरेत आत घेतली. छत्तीसची एकोणतीस झाली. "सकाळी चालतोय," म्हणाला. एवढा कसबी शिंपी मी, विश्वास ठेवला! २००१ साली तो 'मणक्याच्या त्रासाने' वारला. यंदा इस्पितळात माझी फाईल बघून मंदावहिनी रडल्या. "भावजी, यांनाही हेच होतं. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती." बाप-भावाला असेल तर धोका वाढतो, असं डॉक्टर सांगतात. आमच्या घराण्यात आधी अब्रू, मग जीव.

४. हे सगळं माझ्यामागे उघडून उपयोग नाही, म्हणून ऑगस्टमध्ये सगळ्यांना घरी बसवून मसुदा वाचला. स्वप्नीलने चाळिशी लागताच प्रोस्टेटची रक्ततपासणी सुरू करावी. अभिनव चव्वेचाळीसचा. तो उसळला, "मला काय धाड भरलीये, काका?"

"तेच बघून ये."

शिव्या घालत गेला. गाठ निघाली, पण अजून ग्रंथीच्या आतच आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. बरा होईल म्हणतात. माझ्याशी बोलत नाही. चालेल.

५. पेपरात 'अल्पशा आजाराने' छापू नये. आजाराचं नाव छापावं, शुद्धलेखन तपासून. हे सर्व मुलगी रसिका हिने पार पाडावं. घरात तीच एक कुणाला घाबरत नाही.

वरचा शब्दन्‌शब्द माझा आहे. दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करतो.

ठिकाण: भाईंदर पूर्व
दिनांक: १८ नोव्हेंबर २००७
(सही) उत्तम गणपत हेंद्रे

साक्षीदार:
१. (सही) मार्क गोन्साल्विस, शेजारचे दुकानदार, राहणार उत्तन
२. (सही) डॉ. मृणालिनी कर्णिक, माझ्यावर उपचार करणाऱ्या

ता. क. सही करून पेन परत देताना मार्कने माझ्या कानाशी विचारलं, "उत्तमशेठ, या डॉक्टरीणबाई दवाखान्यात कधी बसतात?" बाई समोरच होत्या.

"उद्या साडेदहाला या," त्या म्हणाल्या.

(सही) उ. ग. हेंद्रे