मफलरची उजवी बाजू

धाकटे,

आधी आली ती खालच्या मजल्यावरची शिंपीण, हातात कात्री घेऊन. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण मफलरला बघायला जनावरांची डॉक्टरीण घरी येणार आहे, हे मीच तिला जिन्यात सांगून बसले होते (माझ्या पोटात काही राहत नाही, तुला माहीत आहे). तेव्हा डॉक्टरीण यायच्या आत आपणच काम उरकावं आणि नाव मिळवावं, असा तिचा बेत. दारातूनच म्हणाली, "आजी, तुम्ही फक्त धरा त्याला. कोटाच्या कॉलरी कापते मी, कुत्र्याचे केस ते काय!" मी धरलं, तिने कात्री उघडली, आणि तेवढ्यात डॉक्टरीण आत. ती पोरगेलीशी बाई अशी कडाडली, की शिंपिणीने कात्री पदराआड लपवली आणि मी उगाचच माझे दोन्ही हात मागे घेतले.

बघ, आशीर्वाद राहिलेच. तुला अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला त्याहून चार जास्त. तेल लावतेस की नुसती बाटली बघतेस? आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे मोडलेलो नाही, एवढंच. गेले पंधरा दिवस मी जितकी थकले आहे तितकी चार मुलींच्या बाळंतपणांत थकले नव्हते, आणि तरी मनातून इतकी खूश आहे की ह्यांना माझी काळजी वाटते.

मफलर म्हणजे आमच्या नातीचा कुत्रा. मोठा, लांब केसांचा, बारा वर्षांचा. नातीला बोटीवरच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली (माझी नात बोटीवर, आणि मला बादलीत वाकून बघितलं तरी गरगरतं), आणि बोटीवर कुत्रा चालत नाही, म्हणून सहा महिन्यांसाठी तो आमच्याकडे. जाताना पोरीने बजावलं होतं, "आजी, रोज ब्रश कर हं, नाहीतर गुंता होतो." मी हो हो म्हटलं. खरं सांगू, मला वाटलं लाडाचं बोलणं आहे. कुत्र्याला कशाला हवी वेणीफणी? चार महिने मी ब्रशला हात लावला नाही. एक दिवस कानामागे हात फिरवला तर हाताला वाटोळं काही लागलं. मला वाटलं सुपारी अडकली. ती गाठ होती. मग बघते तर मांडीला, पोटाला, काखेत, सगळीकडे जटा. बिचारा कण्हत कुशीवर वळायचा आणि मी म्हणायचे, म्हातारा झाला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. गाठीखाली कातडी ओढली जाते, ती चालताना दुखते. कात्री लावली तर गाठीबरोबर कातडीही येते (इथे त्यांनी शिंपिणीकडे पाहिलं, आणि शिंपिणीने पंख्याकडे). मशीनने भादरायचं तर तो उभा राहणार नाही, भूल द्यावी लागेल. मग त्यांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि इतका वेळ गप्प ऐकत राहिल्या, की मला वाटलं आत गाणं लागलं आहे. हृदय अशक्त आहे म्हणाल्या. भूल दिली तर उठेलच असं मी छातीला हात लावून सांगत नाही. तीन आठवडे देते. तेवढ्यात त्याला ब्रश सोसायला शिकवा आणि गाठी हळूहळू सोडवा. नाही जमलं तर मात्र भूल देण्यावाचून इलाज नाही.

धाकटे, मी त्या पोरीला बोटीवर काय कळवू? तुझा कुत्रा सांभाळायला ठेवलास, तो मी आळसाने घालवला, असं?

त्या गेल्याबरोबर मी पहिली चूक केली. मला वाटलं, केस विंचरायला मला शिकवणार कोण? चार मुली आणि त्याआधी तू, पाच डोकी विंचरली आहेत मी. म्हणून आपल्या नेहमीच्या रीतीने खाली बसले, त्याला गुडघ्यांत घट्ट धरलं आणि ब्रश घातला. (तुला आठवत असेलच. अजून लग्नकार्यात चारचौघांत सांगतेस.) तू निदान रडायचीस. हा उसळला, मला उताणी पाडली आणि पलंगाखाली गेला, तो ब्रशसकट. ब्रश मांडीच्या गाठीत अडकलेला. संध्याकाळपर्यंत तो हलला की पलंगाखालून फरशीवर ब्रशाची टकटक ऐकू यायची, आणि हे विचारायचे, "कोण आलं आहे बघ गं."

मग मी निमूट डॉक्टरिणीच्या रीतीवर आले. ती रीत अशी, की पहिले दोन दिवस ब्रश नुसता जमिनीवर ठेवायचा. काही करायचं नाही. तो जवळ आला की उकडलेल्या अंड्याचा एक कण द्यायचा. मग ब्रशाची पाठ अंगाला टेकवायची, कण. मग केसांवरून एकदाच फिरवायचा, कण. आणि मुख्य म्हणजे तो कंटाळायच्या आत आपण थांबायचं. इथे माझा जीव जातो. मी घेतलेलं काम अर्धं टाकलेली बाई नाही. भांडी घासायला बसले तर शेजारणीचीही घासून टाकते. आणि इथे तीन सेकंद झाले की उठायचं, गाठ समोर दिसते आहे, सुटत आली आहे, तरी उठायचं!

ते तीन सेकंद मोजायला हे बसतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण कुणी एवढ्या मानाने वेळ विचारली नव्हती. डोळ्याला ते भिंग लावतात, हातात चिमटा घेतात आणि गाठीतला एकेक केस असा सोडवतात की जणू आत स्प्रिंग आहे. "बास!" म्हणतात आणि मला थांबावंच लागतं. पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांच्या "बास"ला मी पहिल्यांदाच थांबते आहे, म्हणून त्यांची प्रकृती सुधारली आहे.

कंबर गेली, बोटं वाकडी झाली, घरभर अंड्याचा वास. दिवसातून दहा वेळा खाली बसायचं आणि उठायचं. पण काय सांगू, परवा दुपारी मफलर आपण होऊन आला, माझ्या स्टुलाशी उभा राहिला आणि मी ब्रश फिरवते आहे तर डोळे मिटून झुलायला लागला. झुलता झुलता माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून चक्क घोरला. उभ्याने! मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी तीन झाले, तीस झाले, बास म्हटलंच नाही. आता ते केस असे मऊ झाले आहेत की शिंपीण वर येऊन हात फिरवून गेली आणि म्हणाली, "आजी, असलं कापड आमच्याकडे येत नाही." तेव्हा काळजी करू नकोस. काम झालंच म्हण.

घरी सर्वांना आशीर्वाद सांगणे, आणि गुडघ्याला जप.

तुझी थोरली

ता. क. झालंच म्हण, असं वर लिहिलं आहे ते डाव्या बाजूचं. उजवी बाजू होती तशीच आहे. झालं असं, की त्याला ब्रशाच्या वेळी तोंड दाराकडे लागतं, पळायची वाट दिसायला हवी. माझं स्टूल खिडकीशी. म्हणजे माझ्याकडे येते ती त्याची डावी बाजू, रोज, पंधरा दिवस. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. डावी रेशमासारखी आणि उजवी पायपुसण्यासारखी. त्याला फिरवला तर तो गोल फिरून पुन्हा तसाच उभा राहतो. त्याचं म्हणणं, ब्रश ही डावीकडे करायची गोष्ट आहे. आणि सगळ्यांत वाईट गाठी उजव्या कानामागे आहेत.

ता. क. पलीकडून बसायला मी गेले होते. तिथे ह्यांचं घड्याळांचं कपाट उजव्या कोपराला आडवं येतं. हलवायचं म्हटलं तर हे म्हणतात, चाळीस घड्याळं चाळीस वेगवेगळ्या वेळा दाखवतील. माझा डावा हात खांद्यापासून उठत नाही, ह्यांचा डावा कापतो. तिथे डावखुरं माणूसच हवं. अख्ख्या नात्यात डावखुरी तू एकटी. त्यावरून तुला लहानपणी जे काही बोलले ते सगळं मी परत घेते, लेखी.

ता. क. तुला कुत्र्यांची भीती वाटते, ठाऊक आहे. म्हणून तर फोन केला नाही. फोनवर तू नाही म्हणून ठेवून देतेस. पत्र शनिवारी पोचेल, रविवारच्या पहिल्या गाडीने ये. तुलाही त्याच रीतीने घेऊ. पहिल्या दिवशी नुसती दारात उभी राहा, मी चहा हातात देईन. मग खुर्ची थोडी आत. तू कंटाळायच्या आत थांबू. "बास" म्हणायला हे आहेतच.

ता. क. दोघीही, डॉक्टरीणबाई आणि शिंपीण, पुन्हा येते म्हणून गेल्या आहेत. बुधवारी रात्रीपासून त्याला काही खायला देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे, भूल द्यायची झाली तर. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तीन आठवडे भरतात येत्या गुरुवारी, सकाळी दहा वाजता.