लळिंगावरून अमळनेर

धुळे, १८ जानेवारी १९८८

ती. सौ. अक्काला,

धाकट्या लोटनचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत (माझे गुडघे सोडून). दाजींचा खोकला थांबला का? आणि तुझा दात काढला, की अजून त्याच्याशी बोलणी चालू आहेत?

तर काल आम्ही लळिंगचा किल्ला चढलो. आमच्या ऑफिसातला मगन महिनाभर सांगत होता की वरून सगळा खानदेश दिसतो, आकाश स्वच्छ असलं तर तुझं अमळनेरसुद्धा. (हाच मगन आम्हाला पावसाचे अंदाज सांगतो आणि स्वतः भिजत येतो.) मी हे घरी सहज बोललो आणि फसलो. रविवारी सकाळी सातलाच कुंदाने भरीत-भाकरीचं गाठोडं माझ्या काखेत दिलं.

भरीत म्हटल्यावर तुझी भुवई वर गेली असेल. दोन वर्षांपूर्वी तू पाहुण्यांसमोर तिला विचारलंस, "हाई भरीत शे का आमटी?" ती म्हणाली, हात माझा असला तरी बडजी तुमच्या आईची आहे. झालं. आईची ती वांगी ठेचायची लाकडी बडजी काखेत मारून तू तडक एसटीत बसलीस. तेव्हापासून कुंदा वांगी दगडी पाट्यावर ठेचते, आणि तुझं नाव निघालं की पाटा जरा जास्त वाजतो. मला तुम्ही दोघी हव्या आहात, पण हे दोघींपैकी एकीलाही सांगायची माझी हिंमत झाली नाही.

असो. चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला, पायजमा बोरीच्या काट्यात अडकला, तो सोडवेपर्यंत एका शेळीने गाठोड्यातली भाकरी ओढली. तरी मी कुंदाच्या पुढेच होतो. वरून धुळं, पांझरा, आग्रा रोड, सगळं कसं समोर मांडलेलं. पण कुंदाने त्यातलं काही पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "अक्कानं गाव कोन्ता बाजूले शे?" मी लगेच हात केला. तो धूर दिसतो ना, ती तिथली तेलाची गिरणी, असंही सांगितलं. ती कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिली. अक्का, तिने डोळे पुसले. वाऱ्याने पाणी आलं म्हणाली.

दाजींना नमस्कार.

तुझा,
लोटन

ता. क. वांगी अजून चांगली येताहेत. चार दिवस ये ना. आणि येताना बडजी आणशील का? पाट्यावरच्या भरितात खडे लागतात. (हे कुंदाला सांगू नकोस.)

आणखी एक ता. क., कुंदाचा. अक्का, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तुमचे भाऊ वर आलेच नाहीत. अर्ध्यात पाण्याच्या टाक्यापाशी बसले आणि तिथूनच हात केला, तोही मालेगावकडे. धूर वीटभट्टीचा होता. मी एकटीच वर गेले आणि उगवतीकडे तोंड करून उभी राहिले. अमळनेर काही दिसलं नाही, नुसतं धुरकट. मी डोळे पुसले ते यांना टाक्यापाशी बसून कसे दिसले, ते तुम्हीच विचारा. पुसले मात्र होते. खड्यांचंही वाचलं. बडजी राहू द्या तिकडेच, तुम्ही या. आमटी करून ठेवते.