'लोखंडी बंदर' वाचवण्याची मोहीम

३ मार्च. चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना.
घात झाला. 'लोखंडी बंदर' बंद होणार! गेमच्या बातम्यांच्या पानावर कंपनीने जाहीर केलंय, महिनाअखेरीस सर्व्हर कायमचे बंद. कारण म्हणे, खेळणारे उरले नाहीत. मग मी कोण? सात वर्षं पाच जणांची टोळी घेऊन त्या बंदराचं रक्षण करतोय. कॅप्टन मीच. बाकी डॉक्टर (दातांचे), दोन मावसभाऊ आणि गप्पू. गप्पू सात वर्षांत माईकवर एक शब्द बोललेला नाही. माझ्या हुकमावर इतका विश्वास!
त्याच पानावर दुसरी बातमी : कुठल्याशा जुन्यापुराण्या गेमला नवा रंग फासून पुन्हा विकायला काढलाय. मेलेले उठवायचे आणि जिवंत पुरायचे. धंदा आहे हा.
निश्चय : बंदर वाचवायचं.
मालक आले.

६ मार्च.
सह्यांची मोहीम जोरात. बायकोने सही केली आणि म्हणाली, आता तरी तो गळका नळ बघ. आईने आधी चौकशी केली, बंदरावर माणसं राहतात किती? म्हटलं, पाच. म्हणाली, मग त्यांनाच दुसरीकडे हलवा ना. सही मात्र केली.
दुकानात एका आजोबांना नंबर काढायला बसवलं होतं. डोळ्यांवर जाड भिंगं असतानाच कागद पुढे केला. त्यांना तो तपासणीचाच भाग वाटला. सही झकास आली.

७ मार्च.
आजोबांचा मुलगा दुकानात आला होता. बराच वेळ बोलला. मालक त्याहून जास्त बोलले. मोहीम दुकानाबाहेर हलवली आहे.

११ मार्च, सकाळी.
कंपनीचं उत्तर आलं! 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' सह्यांचा मेल पाठवल्या पाठवल्या आलं. म्हणजे वाटच बघत बसले होते. वाटाघाटी सुरू झाल्या म्हणायच्या. बायको म्हणाली, हे मशीन पाठवतं, वीजबिल भरलं तरी येतं. तिला यातलं काय कळतंय?

१४ मार्च.
नवीन गेम आलाय, 'वादळवाट'. सगळीकडे त्याचंच कौतुक. मी ट्रेलर बघितला (शत्रूची माहिती हवी म्हणून, चार वेळा). पाणी खऱ्यासारखं हलतं. पण टोळी चौघांचीच! पाचव्याला जागाच नाही. ज्याला पाच माणसं मोजता येत नाहीत, त्याने गेम काढू नये.
टोळीला हुकूम दिला, कोणीही 'वादळवाट'ला हात लावायचा नाही. डॉक्टर म्हणाले, हो हो, कॅप्टन. थोरला मावसभाऊ म्हणाला, छे, काहीतरीच काय. धाकट्याला ठसका लागला. गप्पू गप्प. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं.

१९ मार्च.
टोळी हल्ली फार येत नाही. डॉक्टरांच्या पेशंटांचे दात एकदम किडलेत. मावसभावांकडे पाहुणे. मी एकटाच बंदरावर उभा. समुद्र, एक क्रेन आणि मी. शत्रूही येत नाही. भीती बसलीय.
कंपनीला नववा मेल टाकला. या वेळी जरा रडलो. लिहिताना.

२७ मार्च.
शेवटच्या संध्याकाळसाठी सुट्टी मागितली. मालकांनी विचारलं, कोण गेलं? म्हटलं, अजून जायचंय. त्यांचा चेहरा पडला, सुट्टी लगेच दिली, वर म्हणाले, लागलं तर सांग. मी खोटं बोललो नाही.

३१ मार्च, संध्याकाळ.
भाषण तयार होतं. कपडेही बदलले. लॉग इन केलं. कोणीच नाही.
डॉक्टरांना फोन केला. मागून सारखे बंदुकीचे आवाज. दवाखान्यात? शेवटी म्हणाले, अहो, आम्ही 'वादळवाट'वर आहोत. आल्या दिवसापासून. सांगणार होतो, पण तुम्ही इतके पेटला होता, जीभच रेटेना.
विचारलं, तिकडे कॅप्टन कोण?
गप्पू.
म्हटलं, पण तो बोलत नाही! डॉक्टर म्हणाले, छान बोलतो हो. तुमच्यासमोर त्याला मध्ये घुसायला कधी फटच मिळाली नाही.
भाषण क्रेनला वाचून दाखवलं. अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला. आईने दारातून विचारलं, संपलं का रे? मग माझ्याशेजारी नुसती बसून राहिली.

२ एप्रिल.
'वादळवाट' घेतला. निव्वळ अभ्यासासाठी. गप्पूला निरोप पाठवला, जागा झाली तर कळव, कुठलंही काम चालेल. कुठलंही, असं दोनदा लिहिलं गेलं.

८ एप्रिल.
रोज निरोप पाठवतोय. उत्तर नाही. देवाकडे कोणाचं वाईट मागू नये, पण दात दुखणारी माणसं जगात कमी का आहेत?

१३ एप्रिल, रविवार.
डॉक्टरांना अर्जंट पेशंट आला! मला आत बोलावलं. गप्पूचा आवाज पहिल्यांदाच ऐकला, चांगला भारदस्त आहे. म्हणाला, काका, तुम्ही मागे होडीजवळ थांबा, आणि प्लीज, माईक बंद ठेवा.
अनुभवी माणूस मागे लागतोच. माईक बंद केला. डॉक्टर परत येईपर्यंत होडीजवळ उभा होतो.