तुमच्या नावाचा चहा

नाना,

यंदा आखाजी करून आले, शहरात जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती. तुम्हाला हसू येईल, कारण तुम्ही गेल्यापासून ऐन आखाजीला मी कधी गावात पाय ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी यायचे, उरलेल्या सांजोऱ्या खायचे, मायच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचे. तोवर सगळं आटोपलेलं असायचं. पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर ठेवलेलं डांगर, चुलीत टाकलेला घास, आणि तुमच्या जागी पाटावर बसून तुमच्या वाटचं जेवून गेलेले शेजारचे आबा. ते तुमचे जिवाचे दोस्त, म्हणून दर वर्षी तुमचे पितर तेच. मी मॉर्मन, म्हणजे ख्रिस्तीच, पण वेगळ्या चर्चची. पितरांची पूजा आमच्यात बसत नाही, आणि दारात उभं राहून तोंड वाकडं करण्यापेक्षा एक दिवस उशिरा आलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं. माय कधी काही बोलली नाही. यंदा मी मुद्दाम त्याच दिवशी गेले, कारण मला तिच्याकडे काहीतरी मागायचं होतं, आणि ते तुमच्याबद्दल होतं.

आधी जुनं बोलते. हैदराबादला नर्सिंग शिकत असताना या चर्चच्या दोन प्रचारक मुली भेटल्या, छातीवर काळी नावपट्टी लावलेल्या, आणि त्यांच्या प्रार्थनेत मला जे सापडलं ते मी तुम्हाला कधीच नीट सांगू शकले नाही. बाप्तिस्मा घेऊन घरी आले तेव्हा तुम्ही धर्माबद्दल एक शब्द काढला नाहीत. तुम्हाला खटकला तो चहा. आमच्यात चहा-कॉफी चालत नाही, हे ऐकून तुम्ही डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवलीत. "चहा नही पेत? मंग पाव्हनास्ना घर जाईसन करतस काय तुम्ही?" मायनं पदर तोंडाला लावला, हसायला की रडायला ते मला कळलं नाही. मी रागावले होते. केवढा मोठा देव सापडला म्हणून सांगत होते, आणि माझा बाप चहात अडकला होता.

मग धुळ्याचा तो दिवस. तुमच्या मोठ्या बहिणीला, माझ्या फुईला बघायला आपण दोघं गेलो होतो. फुईनं दूध आटवून, सुंठ घालून चहा केला आणि कप माझ्यासमोर धरला. मी "नको" म्हणाले. फुईचा चेहरा उतरला. तुम्ही पटकन म्हणालात, "तिन्हं पोट दुखस, दे इकडे," आणि स्वतःचा संपवून माझाही कप बशीत ओतून फुर्र करून प्यायलात. नंतर फुईच्या जावेकडे तेच. मग तुमच्या जुन्या मित्राकडे, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, तेच. प्रत्येक घरी माझं पोट दुखत होतं आणि प्रत्येक घरी तुम्ही माझा कप उचलत होतात. परत येताना अमळनेरच्या पुढे बसमध्ये तुम्हाला छातीत जळायला लागलं. खिडकीची काच सरकवून तुम्ही तोंड बाहेर काढून बसलात. मी म्हणाले, कुणी सांगितलं होतं एवढा प्यायला? तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. रागावलेले नाना मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिले, त्यातली ती एक वेळ. "देव तुन्हा तू देख. त्यान्हात मी पडत नही. पन कोनं दार आपल्यामुळे उदास व्हवाले नको. तू नही पेस ना? नको पिऊ. मी पेसू." धरणगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. कापूस वेचून झालेला होता, शेतांमध्ये नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या.

इंग्लंडला मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जायचं ठरलं तेव्हा तुम्ही जळगावला जाऊन रस्त्यावरच्या स्वेटरवाल्यांकडून माझ्यासाठी स्वेटर आणलात. मी त्या दिवशी हैदराबादला होते, म्हणून मापासाठी तुम्ही तो स्वतःच घालून पाहिलात. त्यामुळे तो मला गुडघ्यापर्यंत येत होता. तपकिरी, पुरुषी, लोकरीला डांबराच्या गोळ्यांचा वास. तिथे तो मी कोटाच्या आत रोज घातला. माझी जोडीदारीण टोंगा नावाच्या बेटावरची होती. आमचा नियम असा की दोघींनी एकमेकींच्या नजरेआड व्हायचं नाही, आंघोळीपुरतं सोडलं तर. सकाळी उजाडायच्या आत उठायचं, गुडघे टेकून प्रार्थना, मग पुस्तकं, मग दिवसभर विटांच्या एकसारख्या घरांची दारं ठोठावत फिरायचं. पाऊस तिथे पडत नाही, नुसता लोंबकळत असतो. दार उघडायच्या आधीच पडदा हलायचा आणि कळायचं, हे उघडणार नाहीत. कुणी हसून नाही म्हणायचं, कुणी शिव्या घालून. संध्याकाळी पाय इतके दुखायचे की ती टोंगाची पोर आणि मी बादलीत गरम पाणी घेऊन समोरासमोर बसायचो, आणि आज कोण किती वाईट बोललं ते एकमेकींना नक्कल करून दाखवायचो. तरी मी सुखात होते नाना. हे खोटं सांगत नाही. एखादी बाई दारातून आत बोलवायची, आणि मी तोडक्या इंग्रजीत बोलता बोलता तिचे डोळे भरून यायचे, तेव्हा मला वाटायचं की जन्माला आल्याचं सार्थक झालं. एका गुजराती आजीनं एकदा आम्हाला आत घेतलं, "अरे, तू तो आपणी छोकरी" म्हणत चहा ठेवला. मी पाणी मागितलं. तिचा चेहरा अगदी फुईसारखा उतरला, आणि मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे माझा कप उचलणारं कुणी नव्हतं.

घरी फोन वर्षातून दोनदाच करायचा. बाकी आठवड्याला एक ई-मेल. भाऊ तो मोबाइलवर तुम्हाला वाचून दाखवायचा आणि तुमचं उत्तर इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. "नाना इचारी राह्यनात, तठे भाकर भेटस का?" दर आठवड्याला तेच. एकदा मी मोठ्या उत्साहानं लिहिलं की आमच्यात मेलेल्या माणसालाही बाप्तिस्मा देता येतो. जिवंत माणूस त्याचं नाव घेऊन, त्याच्या जागी पाण्यात उतरतो, पूर्ण बुडी मारतो, आणि मग कुटुंब मेल्यावरही तुटत नाही. पुरुषासाठी पुरुष उतरतो, बाईसाठी बाई. म्हणजे नाना, आपण कायमचे एकत्र. नाताळला फोन केला तेव्हा तुम्ही विषय काढलात. मागे माय भांडी घासत होती, त्यांचा आवाज येत होता. "ते तू पाणीनं लिखेल व्हतं ना," तुम्ही म्हणालात, "माले मरावर घागरनं पाणी पाज, बस. बुडाडू नको बरं. माले पवता येस नही." आणि हसलात. मीही हसले. मग तुम्ही विचारलंत, भाकर भेटस का.

त्यानंतर आपण बोललो नाही. चैत्रात तुम्ही विहिरीवर मोटर चालू करायला गेलात आणि तिथेच बसलात. मला कळवायला आमच्या मिशनचे प्रमुख स्वतः बायकोला घेऊन आले. जायचं असेल तर जा, म्हणाले, तिकीट काढतो. पण घरी फोन लावला तर तुम्हाला अग्नी देऊन झाला होता. उन्हाळ्यात कुठे ठेवणार? माय म्हणाली, "आते कोनाले देखाले येशी?" मी गेले नाही. टोंगाच्या पोरीनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या भाषेत काहीतरी गात राहिली. काही दिवसांनी एका घरात कुटुंब कायमचं एकत्र राहतं हा धडा शिकवायची पाळी माझ्यावर आली. चित्रात पांढरे कपडे घातलेले आई-बाप आणि मुलं होती. मी वाक्य अर्ध्यात सोडलं. जोडीदारणीनं माझं वाक्य पुरं केलं.

तेव्हापासून तुमचं नाव माझ्याकडे पडून आहे. बेंगळुरूला आमच्या चर्चचं मंदिर उभं राहतंय. आता समुद्रापलीकडे जायला नको, रेल्वेनं जाता येईल. चर्चमधल्या बाया विचारतात, वडिलांचं अजून कसं केलं नाहीस? मी काय सांगू, की ते थट्टेत काहीतरी बोलून गेले आणि ती थट्टा होती की नकार हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही? थट्टा असेल तर मी उगाच तुम्हाला दारात ताटकळत ठेवलंय. नकार असेल तर मेलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द मी फिरवायला निघालेय. मी हे खरंच मानते नाना, म्हणून तर जीव जातो. मानत नसते तर केव्हाच करून मोकळी झाले असते.

मेलेल्या माणसाचा नवरा किंवा बायको जिवंत असेल तर त्यांची परवानगी घ्यावी लागते. म्हणून मी आखाजीला मायकडे गेले. ती चुलीपाशी पुरण वाटत होती. आता तिचे हात थरथरतात, पाटा-वरवंटा भावानं काढून टाकला तरी ती पुन्हा मांडते. मी सगळं सांगितलं. पाण्यात माझे यजमान उतरतील हेही सांगितलं; आमचं लग्न तुम्ही गेल्यावर झालं. तिनं वरवंटा थांबवला. "त्यानी देखेल बी नही त्यास्ले," ती म्हणाली. एवढंच. मग पुन्हा वाटायला लागली.

आबांचं मांडीचं हाड मोडलंय, ते खाटेवरून उठू शकत नाहीत. पान वाढलं आणि पितर कोण, हा प्रश्न आला. भाऊ म्हणाला, गल्लीतून कुणालातरी बोलावतो. माय माझ्याकडे वळली. "तू बठ."

"माय, बाईमाणूस पितर बठस का कोठे?" भाऊ म्हणाला.

"मन्हा घरमा बठस." मग मला म्हणाली, "त्यास्ना घास तुले चालत नही, आनि त्यास्ले तू पाणीमा उतराडशी? बठ आधी."

मी बसले. मला उठता आलं असतं, नाही म्हणता आलं असतं, इंग्लंडात मी लोकांच्या दारात उभी राहून किती नकार पचवले, एक देणं मला जड नव्हतं. पण भावानं माझ्या कपाळाला गंध लावलं, पायांवर पाणी घातलं, आणि मला "नाना, जेवा" म्हणाला. माझा धाकटा भाऊ. आमरस, पुरणपोळी, सांजोरी, झणझणीत रसई. मी सगळं जेवले. शेवटी मायनं कपबशी आणून पानाशेजारी ठेवली. सुंठ घातलेला, दूध आटवलेला चहा. दर वर्षी आबा तो पिऊन जायचे, हे मला माहीतच नव्हतं. माय समोर बसून राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर फुईचा तो धुळ्यातला चेहरा यायला लागला. मी चहा बशीत ओतला.

ताट उचलताना मायनं परवानगी दिली. "घाल त्यास्ले पाणीमा, तुन्हा जीवले बरं वाटत व्हई तर. पन हात सोडू नका म्हना. त्यास्ले पवता येस नही." आणि मग पदर डोळ्यांना लावून खूप वेळ रडली. मीही रडले. तुम्ही गेल्यावर आम्ही दोघी एकत्र बसून पहिल्यांदाच रडलो.

आता काहीच अडत नाही, तरी मी तुमचं नाव पाठवलेलं नाही, आणि मला वाटतं पाठवणारही नाही. मी परत येताना जळगावच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले होते, तेव्हा धुळ्याचे ते सगळे कप आठवले. तुम्ही माझ्या वाटचा चहा किती घरी प्यायलात, पण मला एकदाही "पी" म्हणाला नाहीत. पाण्यात बुडवायला तुम्ही नको म्हणालात, हसत म्हणालात, तरी नकोच म्हणालात. मग पलीकडे तुम्ही मला भेटाल का? आम्हाला शिकवलंय त्याप्रमाणे नाही. तिथे कुणीतरी माझ्यासाठी काही बोलेल, एवढीच आशा धरून आहे, तुम्ही "तिन्हं पोट दुखस" म्हणायचात तसं.

मंदिरात आत जाण्याआधी आम्हाला समोर बसवून विचारतात, चहा घेता का. पुढच्या वेळी विचारतील तेव्हा मी सांगेन, वडिलांच्या नावानं घेतला. ते कदाचित समजून घेतील. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. पहिला घोट तुमच्या नावाचा होता. बाकीची बशी मी माझ्यासाठी प्यायले, नाना, आणि मायला म्हणाले, अजून आहे का.